रकाना सहा

खोकं एकोणचाळीस. काचेवरचं चित्र, एक कोपरा उडालेला.
मागे चिठ्ठी, साहेबाच्या तिरक्या अक्षरात:
झोपडी. भिंत. माझी घोडी बेट्सी.

घोडीला नाव आहे.

मी ते मोठं छापून घेतलं
आणि अक्रा सोडून वर, सिरिगूला गेले.
दोन बस, एक मोटरसायकल, तोंडभर धूळ.

सुगी आटपली होती. बायका अंगणात
शेंगांचा काढा उकळत होत्या,
भिंतीवर शेवटचा हात द्यायला.
सवयीने चढवलेले माझे पांढरे हातमोजे पाहून
आयाम्पोका म्हणाली, "भाजलं का गं?"

मग फोटो फिरला
गेरूने माखलेल्या बोटांतून,
पाठीवरच्या पोरांच्या नाकाखालून.
मी अडवायला उठले, आणि तशीच बसले.

घोडीकडे कुणी पाहिलंही नाही.
"हा अजगर घाईत काढलाय. गिलावा वाळत आला असणार."
"फुटक्या तुंब्याचे त्रिकोण बघ, कललेत. डावखुरी."
"डावखुरी म्हणजे अताम्पोकाच्या आईची आई."
"छे, तिची सवत. तिला काळा रंग कधी पुरायचाच नाही."
जुंपली. काढा उतू गेला.

साहेबाने चित्र जिथे तोडलं, त्या कडेला
एक कोपर आहे, वरून ओघळणारा चिखल.
सहा महिने मी त्याला डाग समजत होते.

मी विचारलं, ही भिंत आता कुठे असते?
त्या हसल्या. हसतच राहिल्या.
ती त्याच वर्षी पावसात गेली.
पुन्हा सारवली, पुन्हा गेली.
सुनेने काढली. सुनेच्या सुनेने चुकीची काढली,
ती चूक सगळ्यांना आवडली, राहिली.
"हीच की. तू टेकून बसलीस ती."

कचेरीत परतले. संगणकावर
रकाना सहा: कर्ता.
पुढे, साहेबाच्या काळापासून: अज्ञात.
मी ते पुसून लिहिलं:
डावखुरी, किंवा तिची सवत, आणि त्यानंतरच्या
मावलं नाही. एकच नाव चालतं, वीस अक्षरांचं.
रकाना रुंद करावा म्हणून वर अर्ज पाठवलाय.
मार्चमध्ये. अजून उत्तर नाही.

तोवर माझा सदरा,
पाठीवर गेरूचा ओला त्रिकोण उमटलेला, कललेला,
न धुता, नियमाविरुद्ध,
खोकं एकोणचाळीसमध्ये ठेवलाय,
बेट्सीच्या शेजारी.