चौकट

सोमवार ते शुक्रवार मी बेक्वियाच्या धक्क्यावर
फेरीबोटीची तिकिटं फाडतो.
रविवारी पांढरा कोट, आणि खिशात ही लाकडी चौकट.
बॅट तिच्यातून आरपार गेली पाहिजे.
रुंदी सव्वाचार इंच. वर केसभरही नाही.

एनोस होड्या बांधतो.
डेल्सीची बॅट त्यानेच घडवली, लेकीसाठी,
मोडीत निघालेल्या होडीच्या फासळीतून.
कडेला निळ्या रंगात अजून तिचं अर्धं नाव: ‘पेश’.
पुढचं रंध्याखाली गेलं.

शनिवारी मोजली, सरळ गेली.
रात्री पाऊस झाला. छपरी गळकी.
सकाळी खांद्याखाली अडकली.

“लाकूड आहे, एग्बर्ट.
पाणी दिसलं की अंग धरतं.”

पलीकडच्या बेटाचा कप्तान घड्याळ बघत उभा.
ज्या पानावर बॅट आहे
त्या पानावर पाऊस नाही.
म्हणालो, चालणार नाही.

(माझ्या भावाची शवपेटी एनोसने केली होती.
टेप लावली नाही, नुसता दारातून बघून गेला.
तंतोतंत बसली.)

तो काही बोलला नाही.
पायरीवर बसून रंधा दोनदा फिरवला.
निळे कुरळे छिलके डेल्सीच्या बुटांवर.
आता बॅट गेली. जरा सैलच.

तिसऱ्या चेंडूला कड हुकली. किती, ते मला विचारू नका.
मधली यष्टी आडवी.
बोट वर करायची गरजच पडली नाही.

रात्री कोट धुवायला काढला
तर खिशात एक निळा छिलका.
दार लावून घेतलं,
चौकटीत घालून पाहिला.
गेला.