दीड लिटर

मालगावचे रोपवाले मुजावर म्हणाले,
डाळिंबाला बहार हवा तर आधी ताण द्या, ताई.
पौषात पाणी तोडा. पानं पिवळी पडू देत, गळू देत.
मग माघात खत घालून एकदम भरपूर सोडा.
फाल्गुनात बघा, झाड कसं पेटतंय.

मी कॅलेंडरवर गोल केला.
बत्तीस वर्षं मिरज जंक्शनच्या खिडकीत बसले मी,
वेटिंग एकशे चाळीस, तोंडावर सांगितलंय भल्याभल्यांना.
एका झाडाला नाही म्हणायला
असं कितीसं काळीज लागणार?

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी
यांचंही पाणी तोडलं.
दिवसाला दीड लिटर. चहा, ताक, आमटी,
गोळी घेतानाचा घोटसुद्धा धरून.
हृदय थकलंय म्हणाले, पाणी पायांत उतरतंय.
सकाळी मी बाटली भरून ठेवायची
आणि हे तिच्याकडे बघायचे
वीस तारखेला पगाराच्या पाकिटाकडे बघावं तसे.

बाकी बाग आपापल्या मार्गानं चालली होती.
मोगऱ्याची पानं ओरबाडून काढली, फांद्या छाटल्या,
नुसत्या काड्या उरल्या बिचाऱ्याच्या.
जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, दर रविवारी कडुनिंबाचं तेल.
मगदूमबाईंनी दिलेल्या अंजिराच्या फांदीला
काखेत एक हिरवी गाठ,
अंजीर की पान, अजून सांगत नव्हती.

आणि डाळिंब?
डाळिंब हिरवंगार.
एक पान पिवळं नाही, एक गळालं नाही.
मुजावर आले, उकिडवे बसले,
कृष्णाकाठची काळी माती बोटानं उकरली,
वास घेतला.
"कोणीतरी पाणी घालतंय हो याला."

त्या रात्री दोनच्या सुमाराला मागच्या दाराची कडी वाजली.
स्वेटर, कानटोपी, हातात पेला.
हे झाडापाशी उभे, आणि पाणी असं ओतत होते
की आवाज होऊ नये.
मी दिसले तर दचकलेही नाहीत.
म्हणाले, "याला कुठं डॉक्टरनं सांगितलंय?"

रोज एक पेला. स्वतःच्या दीड लिटरातला.
मी काय बोलणार होते? भांडावं तर कोणत्या बाजूनं?
घसा कोरडा ठेवून झाडाला पाजणाऱ्या माणसाला
जास्त पाणी पितोस, असं म्हणता येत नाही.
आत या, गारठा आहे, एवढंच म्हणाले.

सकाळी मुजावरांना फोन केला, चोर सापडला म्हणून.
ते हसायलाच लागले.
"एका पेल्यानं ताण मोडत नसतो, ताई.
अजून कोणीतरी आहे."

दिवसभर मी संशयानं फिरले.
शेजारची पोरं, टाकीचा नळ, गळकी पाइप.
संध्याकाळी तांदूळ धुतले,
सवयीनं पातेलं घेऊन मागं गेले,
मोगऱ्याच्या बुंध्याशी ओतलं,
आणि रिकामं पातेलं हातात तसंच राहिलं.
मोगरा डाळिंबापासून दोन हातांवर.
डाळी, तांदूळ, भाज्या, दोन्ही वेळचं धुवण.
मुळांना काय ठाऊक, कुठली ओल कुणाच्या नावाची?

हे अजून त्यांना सांगितलेलं नाही.

चैत्र लागला. मोगरा वेड्यासारखा फुलला.
महावीर जयंतीला मगदूमबाई ओंजळ भरून घेऊन गेल्या.
अंजिराची गाठ पानच निघाली.
डाळिंबाला मोजून तीन फुलं,
त्यातली दोन बारीक बुडाची, नर, गळणारी.
तिसऱ्याचं बूड मात्र फुगीर, लहान मडक्यासारखं.
शिंजीर येऊन तिन्हींत चोच घालून जातो,
त्याला फरक पडत नाही.

आता संध्याकाळ आहे.
बाटलीत तळाला दोन घोट उरलेत
आणि हे पेला घेऊन मागच्या पायरीवर बसलेत.
मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजवते,
म्हणजे मी बघत नाहीये
हे त्यांना कळावं.