साडेचार वार

तांडापेठेत कौतिका हेडाऊचा माग
रात्री अकरानंतरही चालायचा.
खटक, खटक.
आधी एवढाच तिचा गुन्हा.

मग बाकीचे सापडत गेले:
नवरा गोंदियाला गेला तो आलाच नाही
आणि ही त्याची वाट पाहत नव्हती.
दारात बसून विडी ओढायची, पाय लांब करून.
मालकाकडे सुताच्या वजनाची चिठ्ठी मागायची,
वर ती वाचायचीही.

त्या श्रावणात माझ्या भावाला ताप भरला.
मेयोतले डॉक्टर म्हणाले, डेंगू.
आई म्हणाली, "पन डेंगूले धाडलं कोनं?"

ते वाक्य नळावर मी नेलं.
नऊ वर्षांची होते, हातात रिकामी गुंडी,
पहिल्यांदाच साऱ्या बाया माझं ऐकत होत्या,
म्हणून थोडं वाढवून सांगितलं:
ती झोपते तेव्हा तिचे डोळे उघडे असतात.

मी तिला झोपलेली कधी पाहिलीच नव्हती.

संध्याकाळी तिच्या उंबऱ्यावर टाचण्या टोचलेलं लिंबू.
तिनं टाचण्या काढून डबीत ठेवल्या,
लिंबू धुतलं, वरणात पिळलं.
जेवली. दार उघडं ठेवून.
मग काय राहिलं होतं सिद्ध व्हायचं?
त्याच रात्री कोणी तिचा ताणा कापला.
शिपायानं विचारलं, कोणावर संशय?
"सगळ्यायचं लिहा," म्हणाली.
त्यानं एकाचंही लिहिलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
आमच्या गल्लीची लहानी मारबत निघाली.
बांबू, कागद, लालभडक ओठ.
पोट्टे ओरडत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत,
अन् आई माझ्या कानाशी
हळूच एक नाव जोडत होती.
भाऊ तिच्या कडेवर, बरा झालेला,
फुगा चावत.

पेटवली तेव्हा मला करवतीचा काठ दिसला.
दरवर्षी मारबतीचं लुगडं कौतिकाबाईच द्यायची.
यंदाही दिलं होतं. साडेचार वार,
कापलं तिथवर विणलेलं.
पुरलं नव्हतं.
मारबतीचे पाय उघडेच राहिले होते
आणि लांब.

ती कधी गेली, कोणी पाहिलं नाही.
मागाच्या खड्ड्यावर फरशी पडली,
मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं.
भाऊच चालवतो.

कधी दुपारी मी त्या पायरीवर बसते,
पाय लांब करून.
कोणी येताना दिसलं
की ओढून घेते.