सोमवारी बंद

दारावर पाटी आहे: सोमवारी बंद.
खाली कुणीतरी खडूनं लिहून गेलंय, का?
पुसलं नाही मी.

सहा दिवस वेंगुर्ल्यातल्या या दोन खोल्यांत
बांगड्यांना खाचे पाडते,
तिरफळं ठेचते, नारळ खवते, कालवणाला उकळी आली की
चूल बारीक करायला हातातलं टाकून धावते.
दुपारी बत्तीस ताटं, रात्री अठरा,
शनिवारी मोजत नाही.
पुण्याहून आलेल्या बायका आत डोकावून विचारतात,
सोलकढी कशी करता हो?
सांगते, सोलं भिजवा, नारळाचं दूध काढा,
लसूण, मिरची, मीठ.
मीठ किती?
लागेल तितकं.
त्या मोबाइलमध्ये टिपून घेतात: लागेल तितकं.

आज चष्म्याचा नंबर काढायला सावंतवाडीला आले.
डॉक्टर म्हणाला, तुम्हांला जवळचं दिसत नाही.
म्हटलं, पेडव्याचा काटा दिसतो.
तो हसला नाही. साडेतीनशे घेतले.

मग भूक लागली.
माझी एकटीची, भर बारा वाजता,
जेव्हा एरवी मला लोकांचीच लागलेली असते.

स्टँडमागच्या गल्लीत एक हॉटेल, चार टेबलं.
पंख्याखालचं रिकामं होतं, बसले.
बसल्या बसल्या पदरानं टेबल पुसलं,
मग लक्षात आलं, हे माझं नाही.
पोरगा आला, कानाला पेन्सिल,
काय व्हया?

काय व्हया.
मी त्याच्याकडे बघतच राहिले.
दिवसातून पन्नास वेळा हे मी विचारते,
उत्तर द्यायची सवयच नाही.
तो पाठ म्हणाल्यासारखा म्हणाला,
उसळ आसा, भजी आसत, वडे तळतत, शिरो संपलो.
म्हटलं, उसळ दी. आणि पाव दोन.

काळ्या वाटाण्याची.
पहिल्याच घासाला कळलं,
खोबरं एका बाजूनं जास्त भाजलंय.
भाजता भाजता कुणीतरी उठून गेलंय,
दूधवाला असेल, नाहीतर पोराची शाळेची पिशवी.
वाटण अर्धं मिक्सरवर, अर्धं पाट्यावर:
वीज साडेसातला गेली असणार, आमच्याकडेही गेली होती.
वाटाणे मात्र नीट शिजलेत.
रात्री झोपायच्या आधी आठवणीनं भिजत घातलेत,
दमून, उभ्या उभ्याच.

शेजारचा माणूस फोनवर बोलत जेवत होता.
त्यानं अर्धी वाटी तशीच ठेवली, हात धुतले, गेला.
पोरगा म्हणाला, कशी आसा?
माझ्या खानावळीत सगळे म्हणतात मस्त,
आणि मी एकाचंही खरं मानत नाही.
बरी आसा, म्हटलं.

तेवढ्यात आतल्या खिडकीची फळी सरकली.
ताटं जिथून बाहेर येतात ती, वीतभर खिडकी.
एक बाई. कपाळाला पीठ.
ती माझ्याकडे बघत नव्हती,
शेजारच्या वाटीकडे बघत होती.

हे बघणं मला ठाऊक आहे.
माझ्याही भिंतीत अशीच एक खिडकी आहे,
रोज तिथून बघते कुणी काय टाकलं.
वडा टाकला तर वाईट वाटत नाही.
कालवण टाकलं की
रात्री दिगंबरशी उगाच भांडते.

मी तिसरा पाव मागवला.
भूक नव्हती.
त्याच्या तुकड्यानं वाटी आतून पुसली,
कडेला लागलेलं, तळाला बसलेलं,
ते कडवट खोबरंसुद्धा,
आणि रिकामी वाटी खिडकीच्या बाजूला सरकवली,
जरा जास्तच पुढे.

पैसे देताना राहवलं नाही.
खिडकीत वाकून विचारलं,
वाटाणे खयचे गो?
ती म्हणाली, बाजारातलेच.
मग पीठ पुसत,
कित्याक, कच्चे रवले?
नाय, म्हटलं. मऊ आसत.

अडीचची गाडी चुकली होती.
बाजारात गेले, अर्धा किलो वाटाणे घेतले.
उद्या मंगळवार.