टिकली

रिवणहून आनाक्लेतने पाठवलेली बरणी
बसच्या ड्रायव्हरने मांडीवर ठेवून ताळगावला आणली.
आत काथ्याचा झुबका, झुबक्याला लगडलेली
सतरा अंडी, राळ्याच्या दाण्याएवढी.

भिंगाखाली पहिलं घेतलं.
काच नव्हे, पण काचेइतकंच पारदर्शक कवच,
त्यावर बारीक तंतू, फणसाच्या चिकासारखे ताणलेले,
धरलं ते सोडायचं नाही, एवढंच ठाऊक असलेले.
आत बलक, बलकात तेलाचे थेंब,
सकाळच्या हुमणावर तरंगतात तसे
(हे त्यांच्यासमोर बोलू नये).
आणि एका जागी ते भोक:
एकच शुक्राणू जाईल इतकं रुंद.
तो आत गेला की दार बुजतं.

"बाये, हांगा एकच जात,"
आनाक्लेत फोनवर, "कपाळार टिकली, जालें काम."
खरंच, प्रत्येकाच्या डोक्यावर तो चमकता ठिपका.
पण तंतू मला दोन तऱ्हांचे दिसत होते:
काहींचे सगळ्या अंगाने फुटलेले,
काहींचे एकाच बाजूला, विस्कटल्या वेणीसारखे.

बारा माशांच्या शेपटीचे तुकडे मद्यार्कातून आले.
मशीनने साडेसहाशे अक्षरं दिली,
चारच मुळाक्षरं पुन्हा पुन्हा.
बाराही जणांचं उत्तर एक. आनाक्लेत जिंकला.

पण ती अक्षरं केंद्रकाबाहेर राहणारी,
अंड्यातून अंड्यात, आईकडून लेकीकडे जाणारी.
बाप तिथे सही करत नाही.
म्हणून केंद्रकातला एक जनुक उघडला.
पाच माशांत दोन-दोन उत्तरं.

रात्री त्याला सांगितलं. तो गप्प.
मागे कुत्रा, मग नळ.
मग म्हणाला, कुशावती चढली त्या वर्षी
टाक्यांवरून पाणी गेलं.
मडगावच्या दुकानातला एक नर होता वेगळा,
कलकत्त्याहून पिशवीत आलेला.
सकाळी सगळे परत घातले.
"मोजले बरोबर. ओळखले नाहीत."

आणि जरा थांबून: "आता फळ्यावर लिहू काय?"
मला सुचलं नाही.
त्यानेच खडूने लिहून फोटो पाठवला:
टिकली. जोडी साठ रुपये.

आज दहावा दिवस. सातव्या अंड्यात
कवचाआड दोन डोळे काळे झालेत.
मी दिवा सरकवला,
तसे तेही सरकले.
टिकली अजून उमटलेली नाही.