आखडलेला धागा

कोळीण दाजीपूरची. तळहाताएवढी,
पाय काळे, सांध्यांशी पिवळे ठिपके.
बुटाच्या खोक्यातून एसटीनं आली,
खोक्यावर मगदूम सरांचं तिरकं अक्षर:
"परत सोडायची आहे."

सर जैन. धागा घ्या म्हणतात, जीव नको.
म्हणून तिला उताणी करून
स्पंजवर मलमलीच्या पट्टीखाली निजवायचं,
टाचण्या पट्टीला, अंगाला नाही;
मग पोटाच्या टोकाशी चिमटा नुसता टेकवायचा
आणि निघेल तो धागा
खेळण्यातल्या मोटरवर गुंडाळत राहायचं.
वीस मिनिटं. ती हलत नाही.
तिचे आठ डोळे त्या वेळी कुठं बघतात
हे मी वहीत अजून लिहिलेलं नाही.

एकेरी धागा दिसत नाही.
काळ्या कागदावर, दिवा आडवा धरला
तर क्षणभर सोनेरी रेघ,
की गेली.

आत काय आहे ते क्ष-किरणांना विचारलं:
अ‍ॅलनिन, अ‍ॅलनिन, अ‍ॅलनिन,
कपाटातल्या इस्त्रीच्या साड्यांसारखी घडीवर घडी,
मग ग्लायसिनचा सैल, अस्ताव्यस्त पल्ला,
पुन्हा घडी. पुन्हा पल्ला.
घडीला घडी धरून ठेवतात ते हायड्रोजनचे बंध,
एकेकटा अगदीच लेचापेचा,
शेजारी शेजारी आले की पोलादालाही ऐकत नाहीत.

हे घरी सांगितलं.
गुजरीतल्या ओट्यावर अण्णा साज ओवत होते,
जावमणी, पान, जावमणी, पान,
दोऱ्याचं टोक उजव्या पायाच्या अंगठ्यात.
पन्नास वर्षांत त्या अंगठ्याला खाच पडली आहे.
आमच्या विभागात ताण मोजायचं यंत्र आलं
तेव्हा नारळ फोडला होता. अठरा लाखांचं.
अण्णा मान वर न करता म्हणाले,
"सगळं घट्ट ओवलं तर बाईला मान वळवाय येत नाही.
सगळं सैल सोडलं तर पानं पालथी पडत्यात.
तुझ्या कोळिणीला कुणी शिकवलं गं?"
मला उत्तर आलं नाही.
उत्क्रांती म्हणाले असते तर
ते "असंल" म्हणाले असते.

सोमवारी वीज नव्हती, मंगळवारी रात्री बसले.
दोन चिमट्यांत नमुना सोळा,
पडद्यावर ताणाची रेघ सरळ, झोपलेली.
साडेअकराला ती उठली.
कुणी ओढलं नव्हतं.
यंत्र थांबलेलं, मी हात मांडीवर ठेवून बसलेली,
आणि धागा स्वतःच स्वतःला ओढत होता.
मागे वळले तर दारात शिदूमामा,
हातात गवती चहाची किटली,
वाफ माझ्या खांद्यावरून पुढं चाललेली.

पुस्तकात होतंच: ओल लागली की आखडतो.
सैल पल्ल्यातले बंध पाणी सोडवतं
आणि ओढून सरळ केलेली साखळी
आपल्या जुन्या वळणावर जायला निघते.
वाचलं होतं. बघितलं नव्हतं.
मामा म्हणाले, "बिघडवलं का काय मी?"
बाहेर, भर रात्री, विद्यापीठाचा एक मोर ओरडला.
चहा आम्ही व्हरांड्यात जाऊन प्यालो.

अण्णा म्हणाले, "आण की एकदा, बघू."
पुठ्ठ्याच्या चौकटीवर नमुना सतरा नेला.
चष्मा कपाळावर सरकवून
त्यांनी चौकट नाकाशी धरली,
बारीक दोरा बघताना धरतात तशी,
ओठ किंचित उघडे.
"दिसत नाही," म्हणाले.
तेवढ्यात पुठ्ठा कमानीसारखा वाकला,
केसाच्या केसाएवढा, पण वाकला.
त्यांनीही तो पाहिला.
पायाचा अंगठा आपोआप वर आला.

कोळिणीला शनिवारी सोडलं,
पाठीवर नखपॉलिशचा लाल ठिपका, पुन्हा पकडू नये म्हणून.
वहीत लिहिलं: नमुना सतरा बाद. कारण, आर्द्रता.
सरांनी विचारलं, कुठं लागली?
गुजरीत, म्हटलं.