सौदा नसलेला दिवस

बॅनरवर माझ्या नावाआधी 'कवियत्री' छापलं होतं.
हणमंत खरमाटे म्हणाले, चालायचंच,
मला गेल्या खेपेला 'कथाकर' केलं होतं,
जणू मी एखादा कर आहे
आणि तो कुणी भरत नाही.

तासगावात त्या दिवशी सौदा नव्हता.
वाचनालयाच्या छताचं काम निघालेलं,
म्हणून खुर्च्या बेदाण्याच्या हॉलमध्ये मांडल्या.
फरशीला परवाची उधळण अजून चिकटलेली.
माइककडे जाताना चप्पल
पावलापावलाला चट्‌ चट्‌ बोलायची.
हवेत गंधकाचा जुना धूर,
गोडसर, घशात बसणारा.

अध्यक्षांनी साहित्याचं महत्त्व सांगितलं, पस्तीस मिनिटं.
मग मी.

सहा कविता वाचल्या.
पहिल्या रांगेतल्या सरांनी डोळे मिटले,
ते दाद म्हणून की कसे, कळेना.
एक पोरगं खुर्चीखालचा बेदाणा
नखानं खरवडून काढत होतं,
त्याच्याकडंच बघत वाचलं:
विसरणं हे बसून करायचं काम आहे,
उभ्यानं होत नाही.
टाळ्या पडल्या,
पडेल भावाच्या मालावर
कुणीतरी कर्तव्य म्हणून बोली लावावी तशा.

खरमाट्यांनी चष्मा बदलला आणि कथा काढली.
ट्रकवाला. गुवाहाटीचा माल. घरी बायको.
त्यांना वाचता येतं, हे मान्य केलंच पाहिजे.
नुसता डिझेल भरायचा प्रसंग असा वाचला
की मागच्या भिंतीशी उभे असलेले हमाल
एकेक करत खाली बसले.
शेवटी रात्री कडी वाजते.
बायको उठते.
कथा संपते.

"कुणाला काही प्रश्न असतील तर," सूत्रसंचालक म्हणाला
आणि फुलदाणी आवरायला लागला.
मागून एक हात वर झाला,
बोटांना चिंध्या गुंडाळलेला.
मालन झांबरे. शेडवर बेदाणा निवडायला असतात.
"मग त्योच आला हुता का?"
खरमाटे हसले. "ते मी वाचकांवर सोडलंय."
"आमच्यावर कशाला?" त्या म्हणाल्या.
"आमच्यावर आधीच लई सोडलंय."

हॉल हसला. खरमाटेही हसले.
पण नंतर चहा घेताना मला दोनदा म्हणाले,
आला होता, तोच आला होता,
मला माहीत आहे, फक्त लिहिलं नाही.
मग सांगा की जाऊन त्यांना, मी म्हटलं.
ते बिस्किट बुडवत राहिले,
तुटून कपात पडेपर्यंत.

मला कुणी काही विचारलं नव्हतं.
नारळाऐवजी एकेक किलोची पेटी मिळाली,
हिरवा माल, वर चिकटवलेलं माझं नाव,
ते मात्र बरोबर.

खुर्च्या रचता रचता मालनबाई जवळ आल्या.
"ताई, त्ये तुमचं बराबर हाय बगा."
कुठलं?
"त्येच की. निवडणं हे बसून करायचं काम.
मुकादम म्हनतो उभ्यानं करा, बिगीबिगी हुतंय.
उभ्यानं काडी दिसती व्हय?
त्येनं कवा एक पेटी निवडलीया?
तुमी कुठल्या शेडवर हुता?"

माझ्या ओठांवर 'वि' आला होता.
दातांपाशी अडला.
"शेडवर नव्हते," म्हटलं. "पण उभ्यानं नाही होत."
"न्हाईच हुत," म्हणत त्या
चार खुर्च्या एकात एक घालून घेऊन गेल्या.

सांगलीच्या शेवटच्या एस.टी.त पेटी मांडीवर.
पुस्तक उघडलं. शब्द जागेवरच होता,
आई गेल्यावर अकरा महिन्यांनी सापडलेला,
माझा, छापलेला.
पेन काढलं.
कवठे एकंदच्या वळणावर गाडी हलली,
पेन परत पर्समध्ये टाकलं.

मग पेटी फोडली.
आतले दिवे कंडक्टरनं कधीच घालवले होते.
अंधारात एकेक दाणा चाचपत गेले,
काडी लागली तर रुमालात,
नाही तर तोंडात.
माधवनगर येईपर्यंत
तीनच काड्या सापडल्या.